बॉडी बटर दर वेळी रवाळ होतंय? कारण तुपाच्या बरणीत आहे

पहिल्या दिवशी बरणीतलं घरचं बॉडी बटर, म्हणजे घट्ट चरबी आणि तेल फेटून केलेलं अंगाला लावायचं मिश्रण, बघून जीव हरखतो. पांढरंशुभ्र, ताज्या लोण्यासारखं हलकं. बोट घातलं की खड्डा पडतो आणि बोटावर आलेला गोळा हातावर टेकवला की विरघळून जातो. मग दहा-बारा दिवस जातात. एका सकाळी आंघोळीनंतर पोटऱ्यांना लावताना हाताखाली काहीतरी टोचतं. नीट बघितलं तर बारीक रवा. आणखी आठवड्याने तोच रवा साबुदाण्याच्या कणीएवढा झालेला असतो. वास ठीक, रंग ठीक, बुरशी नाही, तरी अंगाला लावताना मीठ चोळल्यासारखं वाटतं.

माझ्या पहिल्या तीन घाण्यांचं हेच झालं. दर वेळी मी तेच बटर पातेल्यात काढलं, वितळलं तेवढ्यावर गॅस बंद केला, गार होऊ दिलं आणि आधीपेक्षा जास्त वेळ फेटलं. दर वेळी चार दिवस छान गेले आणि रवा परत आला, तोही आधीपेक्षा लवकर. ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी एकच सांगितलं, अजून फेट. तुम्हालाही हेच सांगितलं गेलं असेल, तर आधी हे मनातून काढून टाका. फेटल्याने बटरमध्ये हवा जाते, रवा जात नाही. रवा फेटण्याच्या आधीच पडलेला असतो किंवा फेटून झाल्यावर, बरणी फळीवर असताना पडतो. फेटणं या दोन्हींच्या मध्ये येतं आणि त्याचा यात फारसा दोष नसतो.

पण त्याआधी एक तपासणी करा, कारण दिसायला सगळे दाणे सारखेच असले तरी सगळे एका जातीचे नसतात. दाणेदार बटर चमचाभर घ्या. स्टीलचा चमचा वाटीभर कडकडीत गरम पाण्यावर धरा, पाण्यात बुडवू नका. दोन-तीन मिनिटांत सगळं वितळून स्वच्छ तेल झालं, तर तो रवा चरबीचाच, आणि पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. तेल झालं पण तळाशी पांढरा गाळ राहिला, तर ती चिकटपणा कमी करायला घातलेल्या आरारुटाची किंवा कॉर्नफ्लोअरची गुठळी. ते न चाळता घातलं गेलं, इतकंच. पुढच्या वेळी मैद्याच्या चाळणीतून दोनदा चाळा. तळाशी तपकिरी कण दिसले तर ते कच्च्या शिया बटरमधले (शिया या आफ्रिकी झाडाच्या बियांची चरबी), ते वितळलेलं असताना सुती फडक्यातून गाळून घ्यायचे. आणि तेलाच्या खाली गोल, हलणारे थेंब दिसले, तर ते पाणी. तसं असेल तर बाकी सगळं सोडून आधी पाण्याचा भाग वाचा.

ही चमच्याची तपासणी करा म्हणते, नुसतं बोटांत चोळून बघू नका, त्यालाही कारण आहे. शिया बटर साधारण ३२ ते ३८ अंशांच्या दरम्यान वितळतं, कोकम बटर, म्हणजे कोकमाच्या बियांची चरबी, ३८ ते ४२ अंशांच्या आसपास. आपल्या हाताची कातडी असते ३२-३४ अंशांची. म्हणजे कोकमाचा दाणा बोटांत चोळला तरी लगेच विरत नाही, आणि आपण समजतो की पिठाची गुठळी आहे. मी या चुकीपायी एक अख्खा घाणा आरारूट न घालता करून बघितला होता. रवा जसाच्या तसा पडला.

आता तुपाकडे येऊ.

आपल्या घरांत तूप रवाळ झालं की कढवणाऱ्याचं कौतुक होतं. ते रवाळ होण्यासाठी आई काय करते ते आठवा. लोणी कढवते, विड्याचं पान टाकते, गाळते आणि मग बरणी ओट्याच्या कोपऱ्यात ठेवून देते. 'हलवू नका गं ते' असं सगळ्यांना बजावते. फ्रिजमध्ये घालत नाही. तळाशी जुनं रवाळ तूप असेल तर त्यावरच नवं ओतते, कारण तसं केलं की लवकर दाणा धरतो हे तिला ठाऊक असतं. सावकाश गार होणं, न ढवळणं आणि तळाशी जुना दाणा असणं, या तीन गोष्टींनी तूप रवाळ होतं.

आणि आपण बॉडी बटर करताना नेमकं हेच तिन्ही करतो. वितळवतो, ओट्यावर गार व्हायला ठेवतो, मध्ये हात लावत नाही. पुरतं वितळायच्या आत गॅस बंद केलेला असतो, त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा जुना दाणाही त्यात शिल्लक असतो. रवाळ तुपाची कृती आपण बॉडी बटरला लावतो आणि रवा पडला म्हणून हळहळतो.

आतमध्ये घडतं ते असं. शिया असो, कोकम असो, ही एकसंध चरबी नसते. तिच्यात काही घटक जास्त तापमानाला गोठणारे, काही कमी तापमानाला गोठणारे. स्टिअरिक आम्ल जास्त असलेले घटक आधी गोठतात. कोकमात हे आम्ल निम्म्याच्या वर असतं, म्हणून तर ते इतकं टणक. सावकाश गार होताना या आधी गोठणाऱ्या घटकांना भरपूर वेळ मिळतो. आजूबाजूचं अजून पातळच असतं, त्यामुळे ते एकमेकांना शोधून घट्ट बिलगतात आणि मोठा दाणा होतो. झटपट गार केलं तर कुणालाच कुणाला शोधायला वेळ मिळत नाही. असंख्य बारीक कण एकदम जन्मतात, इतके बारीक की जिभेला आणि कातडीला कळतही नाहीत. ढवळत राहिलं की तेही एकमेकांना चिकटून वाढत नाहीत.

जुन्या दाण्याचा मुद्दा बहुतेकांच्या हातून सुटतो, माझ्याही सुटला होता. बटर पारदर्शक दिसलं म्हणजे सगळं वितळलं असं नसतं. ४५ अंशांना ते स्वच्छ तेलासारखं दिसतं, पण आत जुन्या रचनेचे अवशेष टिकून असतात आणि गार होताना नवा दाणा त्यांच्यावरच चढतो. मी रवाळ बटर नुसतं वितळवून परत फेटत होते, म्हणजे दर वेळी जुन्या तुपावर नवं तूप ओतत होते. रवा परत लवकर येत होता तो यामुळे. ते अवशेष मोडायचे तर वितळल्यानंतरही ७० ते ७५ अंशांवर वीसेक मिनिटं धरून ठेवावं लागतं.

हे एवढं केलं तरी पुढे कधीतरी रवा दिसू शकतो. त्याचा उगम बरणी ठेवायच्या जागेत असतो. पुण्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारी बत्तीस-चौतीस अंश आणि पहाटे चौदा-पंधरा असा फरक रोज असतो. एकाच घाण्याच्या दोन बरण्या मी तेव्हा वेगवेगळ्या ठेवल्या. एक स्वयंपाकघरात, गॅसच्या वरच्या फळीवर. दुसरी झोपायच्या खोलीत, लाकडी कपाटात कपड्यांच्या मागे. फळीवरची सतराव्या दिवशी रवाळ झाली. कपाटातली एप्रिल उजाडेपर्यंत गुळगुळीत होती. फळीवरचं बटर रोज दुपारी अर्धवट मऊ पडत होतं आणि रोज रात्री अगदी संथपणे पुन्हा गोठत होतं. रवाळ तुपाचा तो रोजचा एक धडाच म्हणा.

यात खोबरेलाचा मोठा हात असतो. हिवाळ्यात बाटलीतलं खोबरेल गोठतं आणि दुपारी उन्हात ठेवलं की पातळ होतं हे आपण लहानपणापासून बघत आलोय. त्याचा वितळबिंदू साधारण २४ अंश. म्हणजे आपल्याकडचं दिवस-रात्रीचं तापमान त्याच्या दोन्ही बाजूंना येरझाऱ्या घालतं. इंटरनेटवरच्या बहुतेक कृती थंड देशांतल्या आहेत. तिथल्या वीस अंशांच्या खोलीत खोबरेल घट्टच असतं, म्हणून त्या कृतींमध्ये ते बटर समजून निम्म्यापर्यंत घालतात. मुंबईत ते मे महिन्यात तेल असतं, पुण्यात जानेवारीच्या रात्री दगड. मी खोबरेल काढून टाकलं त्या दिवसापासून निम्मा त्रास कमी झाला. वासासाठी हवंच असेल तर एकूण वजनाच्या पाच टक्क्यांवर जाऊ नका आणि ते तेलाच्या हिशोबात धरा, बटरच्या नाही.

तर आता कृती. प्रमाण दोनशे ग्रॅमचं देते, कारण पहिल्यांदा यापेक्षा जास्त करू नये. वजनकाटा हवाच. चमच्या-वाटीच्या मापाने कोकमाचा कीस आणि शियाचा गोळा यांचा हिशोब कधीच जमत नाही.

कोकम बटर ५० ग्रॅम, शिया बटर ८० ग्रॅम, बदाम तेल ६० ग्रॅम, आरारूट १० ग्रॅम. व्हिटॅमिन ई तेल १ ग्रॅम वरून. सुगंधी तेल घालायचं असेल तर तेही १ ग्रॅमच, अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त नको. कोरडी कातडी आधीच चिडलेली असते. घरात बाळ असेल आणि त्यालाही लावायचं असेल तर सुगंध घालूच नका. बदामाची कुणाला ॲलर्जी असेल तर सूर्यफुलाचं किंवा राइस ब्रानचं तेल घ्या.

कोकम बटर चाकूने तासून घ्या किंवा किसणीवर किसा. एक मोठं पातेलं, त्यात तीन बोटं पाणी, त्यावर कोरडं काचेचं किंवा स्टीलचं भांडं. आधी एकट्या कोकमाला वितळू द्या, मग शिया घाला. दोन्ही एकजीव झाली की स्वयंपाकाचा थर्मामीटर लावा आणि गॅस इतका मंद करा की काटा ७० आणि ७५ च्या मध्ये राहील. इथे घड्याळ लावा, वीस मिनिटं. हीच वीस मिनिटं मी वर्षभर टाळत होते. शिया तापवलं तर त्यातलं सत्त्व जाईल अशी भीती होती. एवढ्या तापमानाने आणि एवढ्या वेळात त्यातली चरबी बिघडत नाही. धूर निघेपर्यंत, थेट आचेवर तापवलं तर मात्र बिघडते, म्हणून पाण्यावरच ठेवायचं.

वीस मिनिटं झाली की उतरवा, भांड्याची बाहेरची बाजू पुसा आणि बदाम तेल घाला. तोवर बाजूला परातीत बर्फ आणि पाणी तयार असू द्या, बर्फ वितळायला लागलेला हवा. भांडं त्यात ठेवा आणि ढवळायला सुरुवात करा. रबरी स्पॅचुला असेल तर उत्तम, कारण गोठतं ते आधी कडेने आणि तळाशी, आणि तो थर सतत खरवडून मध्ये आणायचा असतो. क्षणभरही थांबायचं नाही. फोन वाजला तरी वाजू द्या. दोन-तीन मिनिटांत तेल धुरकट होतं, मग ताकासारखं, मग दाटसर बासुंदीसारखं. स्पॅचुला फिरवल्यावर मागे रेघ राहायला लागली की भांडं बर्फातून काढा. जास्त ठेवलं तर कडेला कडक पापुद्रे धरतात, आणि ते पापुद्रे मग फेटूनही मोडत नाहीत.

इथून पुढे फ्रिज. दहा मिनिटं फ्रीझरमध्ये, बाहेर काढून एकदा ढवळणं, परत पाच मिनिटं. चक्क्याइतकं घट्ट झालं, म्हणजे बोटाने दाबलं तर खूण राहते पण बोट आत शिरत नाही, की व्हिटॅमिन ई, सुगंध आणि दोनदा चाळलेलं आरारूट घाला आणि हँड बीटर चालवा. आधी मंद, मग वेगात, चारेक मिनिटं. कडा खरवडायच्या, पाच मिनिटं फ्रिजमध्ये, परत तीन मिनिटं. आकारमान जवळपास दीडपटीने वाढतं. रवीने घुसळून होत नाही, करून बघितलंय. हाताची उष्णता आणि लागणारा वेळ यांत ते मऊ पडतं आणि हवा धरत नाही.

कोरड्या बरण्यांत भरा, ओट्यावर हलकेच आपटून मोठे बुडबुडे घालवा, झाकण लावा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी बाहेर काढल्यावर झाकण लगेच उघडू नका. बाहेरची दमट हवा गार बटरवर दव होऊन बसते. तास-दोन तास तसंच राहू द्या, बाहेरून बरणी पुसा, मग उघडा.

आधीच रवाळ झालेलं बटर घरात असेल तर ते टाकू नका. वास चांगला असेल आणि पाण्याची भानगड नसेल तर हीच कृती त्यालाही चालते: वितळवणं, वीस मिनिटं, बर्फ, ढवळणं, फेटणं. आरारूट आधीच घातलेलं असेल तर गरम असताना ते तळाशी बसतं, तेव्हा वरचं अलगद निथळून घ्या आणि शेवटी नवं घाला.

कोको बटर वापरलं तर चालेल का, हे बऱ्याच जणी विचारतात. साध्या, न फेटलेल्या वडीला चालेल. फेटलेल्या बटरला मी घालत नाही. कोको बटर सहा वेगवेगळ्या प्रकारच्या स्फटिकांत गोठू शकतं आणि झटपट गार केलं की कच्च्या, अस्थिर प्रकारात गोठतं. मग दिवसागणिक ते आपली रचना बदलत जातं, कडक होतं, वर पांढरट डाग येतात. जुन्या चॉकलेटवर पांढरा थर येतो तो याच घराण्यातला. युरोपीय संघात चॉकलेटमध्ये ५ टक्क्यांपर्यंत ज्या सहा वनस्पतींची चरबी चालते त्यांत शिया, कोकम, साल आणि आंब्याची कोय आहेत. या सगळ्या चरबी कोको बटरच्या जवळच्या नातलग आहेत. नातलग असल्या तरी घरच्या बर्फाच्या परातीत त्यांच्यातलं कोकमच सगळ्यांत गुणी निघतं, असा माझा अनुभव.

कोकमाबद्दल थोडं सविस्तर लिहायचंय, कारण आपल्याकडे इतकी चांगली गोष्ट असताना आपण ती ऑनलाइन, परदेशी नावाने महाग विकत घेतो. माझी मावशी कुडाळजवळ राहते. तिच्या घरात भिंतीतल्या कोनाड्यात मळकट पांढरा, अंड्याच्या आकाराचा एक गोळा कायम असायचा. त्याला तिकडे मुठेल म्हणतात, गोव्याकडे भिरंडेल. आमसुलं काढून झाल्यावर उरलेल्या बिया वाळवायच्या, फोडायच्या, कुटून पाण्यात उकळायच्या. वर जो तवंग येतो तो काढून गार होता होता मुठीत वळायचा. गोळ्यावर बोटांचे ठसे दिसतात. रात्री सगळी कामं आवरली की ती दिव्यावर त्या गोळ्याची एक बाजू धरायची, ती ओघळायला लागली की टाचेच्या भेगेत थेंब थेंब सोडायची आणि अंगठ्याने दाबायची. मी फेटलेलं बटर पहिल्यांदा तिला नेऊन दिलं तेव्हा तिने बोटावर घेऊन वास घेतला आणि विचारलं, "गो, ह्येका फेटूक कित्याक व्हया?" (अगं, याला फेटायला कशाला हवं?) टाचेपुरतं तिचं बरोबरच आहे. अंगभर लावायचं तर मात्र तो गोळा पसरत नाही, म्हणून ही सगळी खटपट.

घरगुती मुठेल वापरणार असाल तर आधी ते वितळवून फडक्यातून गाळा. पाण्यात उकळून काढलेलं असल्यामुळे त्यात ओल अडकलेली असते. गाळलेलं भांडं मंद आचेवर ठेवा. बारीक बुडबुडे आणि चर्र आवाज येतोय तोवर पाणी आहे असं समजा. आवाज थांबला की झालं. लोणी कढवताना कान जसा तयार असतो, तोच इथे लावायचा. जुन्या गोळ्याला खवट वास आला तर तो बटरला वापरू नका. खवटपणा कुठल्याही सुगंधाने झाकला जात नाही, आठवड्याने दुप्पट जोराने वर येतो.

उन्हाळ्याचं दुखणं वेगळं आहे. एप्रिल-मेमध्ये बटर रवाळ होत नाही, बसतं. फुगलेली बरणी अर्धी होते आणि वर तेल साठतं. वरच्या प्रमाणातलं बटर तेहतीस-चौतीस अंशांपर्यंत तग धरतं. त्यापुढे कोकम ७०, शिया ७०, तेल ५० आणि आरारूट १० असं करा. नागपूर-चंद्रपूरच्या पंचेचाळीस अंशांत मात्र कोणतंही प्रमाण टिकणार नाही, कारण त्या तापमानाला कोकमसुद्धा वितळतं. तिथे फेटण्याचा हट्ट सोडा. न फेटता डबीत ओतून ठेवा, फ्रिजमध्ये ठेवून वापरा. मी मे महिन्यात बहिणीला कुरिअरने तीन बरण्या पाठवल्या होत्या, तिच्यापर्यंत तीन बरण्या तेल पोचलं. आता जून ते सप्टेंबर आणि दिवाळीनंतर, एवढ्याच काळात पाठवते. उलट, लंडन किंवा टोरांटोला राहणाऱ्यांनी कोकम २० ग्रॅमवर आणावं, शिया १०० आणि तेल ७० करावं. नाहीतर तिकडच्या हिवाळ्यात बरणीत चमचा शिरणार नाही.

आता पाणी. या बटरमध्ये पाणी नाही म्हणूनच ते बिनबुरशीचं टिकतं. गुलाबपाणी, कोरफडीचा गर, मध, दूध यांतलं काहीही घातलं की ते फक्त वेगळं होऊन तळाशी बसत नाही, तर त्यात जंतू आणि बुरशी वाढतात. आणि व्हिटॅमिन ई त्यांना रोखत नाही. व्हिटॅमिन ई तेल खवट व्हायला उशीर लावतं, बुरशीला त्याचा काही धाक नसतो. हे लोक फार सर्रास गल्लत करून सांगतात. पाणी चोरपावलांनीही येतं: खालच्या पातेल्याची वाफ भांड्याच्या कडेवर जमते आणि ओतताना थेंब आत जातो, बरणी धुवून पुरती वाळवलेली नसते, न्हाणीघरात ओल्या बोटांनी बटर काढलं जातं. बरणी न्हाणीघरात ठेवूच नका आणि छोटा लाकडी चमचा सोबत ठेवा. ठिपके दिसले, रंग बदलला, आंबूस वास आला, तर वरचा थर काढून बाकीचं वापरू नका, सगळं टाका. जीवावर येतं, पण भेगाळलेल्या कातडीवर ते लावणं परवडत नाही.

चिकट वाटतं ही तक्रार बहुतेक वेळा लावण्याच्या पद्धतीची असते. या बटरमध्ये ओलावा नाही, ते फक्त अंगावरचा ओलावा अडवून धरतं. कोरड्याठाक पायांवर थापलं की वर तेलाचा थर आणि खाली तीच पांढुरकी कातडी. आंघोळ झाल्यावर टॉवेलने घासून पुसू नका, टिपून घ्या. कातडी दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, वाटाण्याएवढं बटर तळहातांवर चोळून मग लावा. एका पोटरीला एक वाटाणा पुरतो. तरी चिकट वाटलं तर आरारूट १० ऐवजी १४ ग्रॅम करा. त्याच्या वर गेलात तर पांढरा थर दिसायला लागतो.

कातडीबद्दल एवढंच सांगते. नखाने रेघ ओढली की पांढरी रेघ उठते, थंडीत पोटऱ्या उलतात, कोपरं खरखरीत होतात, इतपत कोरडेपणाला हे बटर उत्तम. खाज सुटून रात्रीची झोप उडत असेल, लाल चट्टे असतील, चिरांतून रक्त किंवा पाणी येत असेल, तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. आणि घरात कुणाला मधुमेह असेल तर त्यांच्या टाचेच्या खोल भेगांवर घरचे प्रयोग अजिबात नकोत. त्यांना जखम झाल्याचं अनेकदा कळतही नाही आणि ती चिघळू शकते. माझ्या वडिलांच्या बाबतीत मी हा नियम कधी मोडला नाही.

जमायला लागलं की शेजारणी, नातेवाईक विकत मागतात. भेट म्हणून खुशाल द्या. विकायचं असेल तर आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनं बनवून विकायला परवाना लागतो, औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० आणि २०२० चे नियम त्याला लागू होतात. घरच्या ओट्यावर करून लेबल लावून विकणं त्यात बसत नाही.

बरणीवर तारीख आणि प्रमाण लिहायची सवय लावा, आणि ती बरणी घरात कुठे ठेवली होती तेही. माझ्या वहीत आता सव्वीस घाणे आहेत. रवा पडला त्यांच्यापुढे बघितलं तर बहुतेक ठिकाणी दोनपैकी एक नोंद सापडते: 'वीस मिनिटं धरलं नाही' किंवा 'गॅसच्या वरची फळी'.